पहिला किलोमीटर किती जोरात पळायचा?

पाच किलोमीटर २५ मिनिटांत पळणारा एक धावक घेऊ. म्हणजे दर किलोमीटरला बरोबर ५ मिनिटं. हाच माणूस दहा किलोमीटरला, हाफला (२१.१ किलोमीटर), फुल मॅरेथॉनला (४२.१९५ किलोमीटर) काय वेळ देईल? पीट रीगल या अमेरिकन इंजिनिअरने यासाठी एक सूत्र मांडलं होतं, आणि आजचे बरेच ऑनलाइन कॅल्क्युलेटर अजून त्यावरच चालतात. नव्या अंतराला जुन्या अंतराने भागायचं, आलेल्या आकड्याचा १.०६ घात काढायचा आणि त्याने जुन्या वेळेला गुणायचं. अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण २.०८५ पट होते. आपल्या धावकाचा हिशेब मग असा निघतो: दहाला ५२:०७, हाफला १:५५:००, फुलला ३:५९:४६. पेसमध्ये, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेत, मांडलं तर ५:००, ५:१३, ५:२७ आणि ५:४१.

अंतर जवळजवळ साडेआठ पट वाढलं आणि पेस उतरला फक्त ४१ सेकंदांनी. इथेच बहुतेकांची गफलत होते. ५:४१ हा आकडा ५:०० पळणाऱ्याला मॅरेथॉनच्या पहिल्या किलोमीटरला इतका सोपा वाटतो की थोडं जोरात गेलं तर काय बिघडलं, असं वाटतंच. शिवाय सूत्रातून मिळते ती सरासरी. ती अंतरभर कशी वाटायची हे प्रत्येक अंतरात वेगळं असतं, कारण प्रत्येक अंतरात शेवटी कमी पडते ती गोष्ट वेगळी असते. ८०० मीटरमध्ये पहिली फेरी (ट्रॅकची एक फेरी ४०० मीटरची) जोरात नेणं हाच शहाणपणा आहे. तीच हिंमत मॅरेथॉनच्या पहिल्या पाच किलोमीटरमध्ये दाखवली तर ती ३२व्या किलोमीटरला वसूल होते.

ट्रॅकवरची छोटी अंतरं

१०० मीटरमध्ये पेसिंग कसलं, असं कुणी म्हणेल. पण तिथेही शेवटपर्यंत वेग वाढत जात नाही. बर्लिनमध्ये २००९ साली ९.५८ सेकंद पळताना उसेन बोल्टने ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदांत घेतला आणि शेवटचे २० मीटर १.६६ मध्ये. कमाल वेग गाठला की पुढे तो टिकवणं एवढंच हातात असतं. शेवटी मुसंडी मारून पुढे गेल्यासारखा दिसणारा धावक बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा कमी मंदावलेला असतो, इतकंच.

४०० मीटरला खरा हिशेब सुरू होतो. नवखे धावक इथे दोन टोकांच्या चुका करतात: काही जण २०० मीटरची शर्यत असल्यासारखे सुटतात आणि शेवटच्या १०० मीटरला त्यांच्या पायांचे ओंडके होतात, तर काही ‘शेवटी जोर लावू’ म्हणून राखून ठेवतात आणि तो जोर लावायला जागाच उरत नाही. प्रशिक्षक साधारणपणे सांगतात तो ठोकताळा सोपा आहे. तुमच्या सर्वोत्तम २०० मीटरच्या वेळेत एक ते दीड सेकंद मिळवा, तो तुमचा पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा त्याहून एक-दोन सेकंद जास्त घेणार हे धरूनच चला. २०० मीटर २७ सेकंदांत जात असतील तर पहिले २८ ते २८.५, पुढचे ३० च्या आसपास. जागतिक पातळीवरसुद्धा वाटणी एकसारखी नसते. मायकेल जॉन्सनने १९९९ मध्ये सेव्हिलला ४३.१८ पळताना पहिले २०० मीटर २१.२२ मध्ये आणि नंतरचे २१.९६ मध्ये घेतले. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ ला वेड व्हॅन निकर्क आठव्या लेनमधून, म्हणजे पुढे कुणीही दिसत नसताना, पहिला भाग साधारण २०.५ मध्ये आणि दुसरा २२.५ च्या आसपास पळला आणि ४३.०३ ची नोंद केली. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती उलटी वाटणी, दुसरा भाग पहिल्यापेक्षा वेगवान करण्याची.

८०० मीटर आणि मैल

८०० हे माझ्या मते सगळ्यात अवघड अंतर. इथे निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या आधारे येते, पण फुप्फुसं-हृदयाचा कारभार पूर्ण वेगात यायला मिनिटभर तरी लागतं. सुरुवात जोरात केली की हा कारभार लवकर जागा होतो. म्हणून चांगल्या ८०० मध्ये पहिली फेरी दुसरीपेक्षा दोन-तीन सेकंदांनी वेगवान असते. डेव्हिड रुडिशा लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ ला १:४०.९१ पळाला, ती शर्यत उलगडून बघा. पहिले २०० मीटर २३.४ सेकंदांत, पहिली फेरी ४९.२८, ६०० मीटर १:१४.३० आणि शेवटचे २०० साधारण २६.६ मध्ये. दुसरी फेरी ५१.६३. पेसर, म्हणजे पुढे पळून वेग धरून देणारा, नव्हता; पहिल्यापासून तोच पुढे होता.

तुमचं लक्ष्य २:२० असेल तर दोनदोनशेचे टप्पे ३३, ३५.५, ३६, ३५.५ असे बसवा. पहिला टप्पा उठून दिसतो कारण ताजे पाय आणि आतली लेन पकडायची घाई. हे दोन-अडीच सेकंद आपोआप येतात, ते मुद्दाम वाढवू नका. शर्यत हरतात ती तिसऱ्या टप्प्यात. ४०० ची घंटा वाजलेली असते, शेवट अजून दिसत नसतो, आणि मन नकळत पाय आखडतं. तिथे ३६ च्या जागी ३८ आले की शेवटी कितीही धापा टाकल्या तरी ते भरून निघत नाहीत. म्हणून ८०० वाल्यांनी ४०० ते ६०० या टप्प्यासाठी वेगळा जोर ठरवूनच सुरुवात करावी.

आतल्या लेनचं गणितही इथे महत्त्वाचं. लेन १.२२ मीटर रुंद असते. अख्खी फेरी एक लेन बाहेरून पळालात तर साडेसात मीटरच्या आसपास जास्त पळता. २:२० च्या वेगाने हे सव्वा सेकंदाहून थोडं जास्त होतं. वळणावर कुणाला ओलांडायला जाऊ नका, सरळ भाग येईपर्यंत खांद्यामागे थांबा.

मैल किंवा १५०० मीटरमध्ये वेगाचा आलेख मधे खोलगट होतो. रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डला ३:५९.४ मध्ये मैल पळला तेव्हा चार फेऱ्या अशा होत्या: ५७.५, ६०.७, ६२.३ आणि ५८.९. आधी ब्रॅशर आणि मग चॅटवे हे त्याचे सोबती पुढे राहून वेग धरत होते, तरी तिसरी फेरी घसरलीच. अजूनही ती जवळजवळ प्रत्येकाची घसरते. १५०० पळणाऱ्यांनी एक बारकावा पाठ करून ठेवावा: अंतिम रेषा ३००, ७००, ११०० आणि १५०० मीटरला येते, ४०० च्या पटीत येत नाही. पाच मिनिटांचं लक्ष्य असेल तर घड्याळात त्या रेषेवर १:००, २:२०, ३:४० आणि ५:०० दिसायला हवं. ३:४० च्या जागी ३:४४ दिसलं तर शेवटच्या फेरीत चार सेकंद काढणं बहुतेकांना जमत नाही.

पाच आणि दहा किलोमीटर

इथून पुढे एकसारखा वेग हाच राजमार्ग. जोशुआ चेप्तेगेईने २०२० मध्ये व्हॅलेन्सियाला १०,००० मीटर २६:११.०० मध्ये पळले, त्यात पहिला अर्धा भाग १३:०७.७३ आणि दुसरा १३:०३.२७. सव्वीस मिनिटांच्या शर्यतीत दोन भागांत साडेचार सेकंदांचा फरक. ट्रॅकच्या कडेला ठरलेल्या वेगाने सरकणारे दिवे होते हे खरं, पण दिवे पाय उचलत नाहीत.

पाच किलोमीटरमधली नेहमीची चूक पहिल्या ४०० मीटरमध्ये होते. घोळका सुटतो, अंगात हुरूप असतो, श्वास अजून शांत असतो. ५:०० चा धावक ४:३५ ने पळत असतो आणि त्याला ते आरामाचं वाटतं, कारण दम लागायला अजून दीड-दोन मिनिटं आहेत. शरीराकडून हिशेब उशिरा येतो. हार्ट रेटचा आकडासुद्धा मागेच असतो, त्यामुळे पाचच्या शर्यतीत सुरुवातीला त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या २५ मिनिटांच्या धावकासाठी मी अशी वाटणी सुचवेन: ५:०३, ५:०२, ५:०१, ५:०० आणि ४:५४. पहिल्या किलोमीटरला पाच-पन्नास जण पुढे निघून जातील, जाऊ द्या. तिसरा किलोमीटर पक्का कष्टाचा वाटला पाहिजे. तो वाटत नसेल तर तुम्ही लक्ष्यच खाली ठेवलं आहे.

दहा किलोमीटरमध्ये तीच कथा जरा ताणून. पहिले दोन ५:१८ ने, तिसरा ते आठवा ५:१३ ने, शेवटचे दोन ५:०८ ने म्हणजे ५२:१०. सहावा-सातवा किलोमीटर इथला कंटाळवाणा भाग. लक्ष भटकतं, पेस पाच-सात सेकंदांनी पडतो आणि आपल्याला कळतही नाही. त्या दोन किलोमीटरला घड्याळ नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा, किंवा पुढच्या एका धावकाची पाठ धरा.

हाफबद्दल थोडक्यात. १:५५ साठी पहिले तीन किलोमीटर ५:३२, मग सोळापर्यंत ५:२७, उरलेले पाच साधारण ५:२४. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये एखादं छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्दांवर आलात तर वेग जास्त आहे.

फुल मॅरेथॉन

इथे दम सहसा कमी पडत नाही, साठा कमी पडतो. ढोबळमानाने धावताना दर किलो वजनाला दर किलोमीटरला १ किलोकॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,७०० किलोकॅलरी. शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. त्यातही एक अडचण आहे: हातांच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन पायांना मिळत नाही. स्नायूतला साठा त्याच स्नायूच्या कामाचा, रक्तात साखर सोडता येते ती यकृतातल्या साठ्यातूनच. उरलेली ऊर्जा चरबीतून येते, आणि वेग जितका वाढवाल तितका चरबीचा वाटा घटतो आणि ग्लायकोजेनचा वाढतो. किलोमीटरला पंधरा सेकंद जास्त वेगाने गेल्यावर साठा आधी संपतो तो याच कारणाने. ‘वॉल लागली’ म्हणतात ती हीच अवस्था.

‘सुरुवातीला थोडा वेळ कमावून ठेवू’ हा सल्ला अजून फिरत असतो. आकडे मांडून बघा. पहिले दहा किलोमीटर ५:४१ ऐवजी ५:३१ ने पळून १०० सेकंद कमावले. शेवटच्या दहात वॉल लागली आणि पेस ७:०० वर आला, तर ७९० सेकंद गेले. कमाई पावणेदोन मिनिटांची, खर्च तेरा मिनिटांचा. दुसऱ्या बाजूने, पहिले पाच किलोमीटर ५:४६ ने गेलात तर फक्त २५ सेकंद जातात आणि ते पुढच्या सदतीस किलोमीटरमध्ये कुठेही निघतात.

अव्वल धावकांच्या वाटण्या बघण्यासारख्या आहेत. केल्व्हिन किप्टम शिकागोला २०२३ मध्ये २:००:३५ पळाला, त्यात पहिला अर्धा भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७. एल्युड किपचोगेने बर्लिनमध्ये २०१८ ला २:०१:३९ पळताना ६१:०६ आणि ६०:३३ केले. पण त्याच किपचोगेने त्याच बर्लिनमध्ये २०२२ ला ५९:५१ आणि ६१:१८ अशी उलटी वाटणी करून २:०१:०९ ची नोंद केली. तेव्हा निगेटिव्ह स्प्लिटची, म्हणजे दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा वेगवान पळण्याची, पूजा करायचं कारण नाही. फक्त हे लक्षात घ्या की ‘उलटी’ वाटणीही ८७ सेकंदांचीच होती. चार तासांच्या धावकाने अर्ध्यावर १:५९:३० ते २:००:३० मध्ये असावं. १:५४ मध्ये अर्धं अंतर कापून चार तासांत पोचणं म्हणजे दुसरा भाग १२ मिनिटं जास्त घेऊन रखडत संपवणं.

रीगलच्या सूत्रावरही इथे डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पाच किलोमीटरच्या वेळेवरून काढलेला मॅरेथॉनचा आकडा हा पुरेसे लाँग रन (सरावातल्या लांब अंतराच्या धावा) आणि आठवड्याचं भरपूर अंतर पायात असलेल्या माणसाचा असतो. ते नसेल तर पहिल्या फुलसाठी ४:१५ धरा, म्हणजे ६:०२ ते ६:०३ चा पेस. हाफची ताजी वेळ हाताशी असेल तर हिशेब तिच्यावरून करा, पाचच्या वेळेवरून नको.

खाणं हा पेसिंगचाच भाग. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट बहुतेकांना पचतं. ५० ग्रॅम धरलं तर चार तासांत २०० ग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅमची आठ जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक). पहिलं जेल तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला, भूक नसली तरी. सोबत साधं पाणी. एनर्जी ड्रिंकबरोबर जेल घेतलं तर पोटातलं मिश्रण फार दाट होतं आणि पोट मुरडतं. वेग झेपण्यापलीकडे असेल तर पोटाकडचा रक्तपुरवठा आटतो आणि जेल पचत नाही, पोटात नुसतं डुचमळत राहतं. वेग चुकला की खाणंही बिघडतं ते असं.

घड्याळ काय सांगतं आणि काय सांगत नाही

जीपीएस घड्याळातला क्षणाक्षणाला बदलणारा पेस स्क्रीनवर ठेवूच नका. उंच इमारती, पूल, दाट झाडं आली की तो वीस-तीस सेकंदांनी उड्या मारतो. स्क्रीनवर हवा लॅप पेस, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी. त्याहून चांगलं म्हणजे ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप किलोमीटर मोजणं) बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबणं.

कारण घड्याळ जवळजवळ नेहमीच अंतर जास्त दाखवतं. प्रमाणित मार्ग सर्वांत छोट्या रेषेने मोजलेला असतो आणि कमी भरू नये म्हणून वर ०.१ टक्का, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर, जादा धरलेला असतो. तुम्ही वळणं बाहेरून घेता, पाण्याच्या टेबलाकडे जाता, लोकांना वळसे घालता. शेवटी घड्याळात ४२.६ किलोमीटर भरतात. घड्याळाच्या ५:४१ वर विसंबून राहिलात तर ४:०२ वाजतात. चार तास हवे असतील तर घड्याळात ५:३८ दिसायला हवं.

गर्दीच्या शर्यतीत बंदूक सुटल्यावर तीन मिनिटांनी तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडता आणि तुमचा पेसर फुगा घेऊन पुढे दिसतो. त्याला गाठायला धावू नका. तुमचा चिप टाइम, म्हणजे अंगावरच्या चिपने नोंदवलेली वेळ, तुम्ही रेषा ओलांडल्यापासून मोजला जाणार आहे. पहिला किलोमीटर गर्दीत २० सेकंद उशिरा गेला तर ते २० सेकंद दुसऱ्या किलोमीटरला वसूल करू नका, दहा किलोमीटरमध्ये दोन-दोन सेकंदांनी काढा.

चढावर पेस सोडा आणि श्वास सारखा ठेवा. चढाला गेलेले २० सेकंद तेवढ्याच उताराला पूर्ण परत मिळत नाहीत, त्यामुळे चढउताराच्या मार्गावर लक्ष्य आधीच सैल करावं लागतं. उतारही फुकट नसतो. बॉस्टन मॅरेथॉन सुरुवातीलाच उतरते, तिथे लोक फुकटचा वेग घेतात, मांड्यांचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावून पिंजून निघतात, आणि न्यूटन या गावातले चढ येतात ते २६ किलोमीटरनंतर. उष्णतेचंही तसंच. १० ते १२ अंशांच्या थंडीत ठरवलेला पेस २५ अंशांत टिकत नाही, तेव्हा लक्ष्य सकाळी तापमान बघून बदला, ३०व्या किलोमीटरला नाही.

पेस पायात कसा बसवायचा

ट्रॅकवर ५:०० चा पेस समजायला सोपा: १०० मीटर ३० सेकंदांत, २०० मीटर १ मिनिटात, फेरी २ मिनिटांत. मॅरेथॉनच्या ५:४१ ला फेरी २:१६. हे आकडे पाठ असू द्यात. मग सहा वेळा ८०० मीटर, प्रत्येकी ४:०० मध्ये, मधे दोन मिनिटं हळू जॉग. घड्याळावर मनगटपट्टी ओढा आणि प्रत्येक ८०० संपल्यावरच बघा. पहिल्या २०० ला सोबत्याला वेळ सांगायला लावलं तर बहुतेकांची ६० ऐवजी ५४-५५ सेकंद येतात. मॅरेथॉनसाठी वेगळा व्यायाम: २८ किलोमीटरचा लाँग रन, त्यात पहिले १२ किलोमीटर सावकाश आणि शेवटचे १६ ठरलेल्या पेसने, जेलसकट. दमलेल्या पायांना ५:४१ कसा लागतो हे तिथेच कळतं. ताज्या पायांचा ५:४१ काही शिकवत नाही.

पट्टीखालून पहिलं ८०० जर ३:४८ आलं तर सराव थांबवून पुन्हा सुरू करू नका. ३:४८ आणि ४:१२ ची बेरीज आठ मिनिटं होते म्हणून पुढचं ८०० मुद्दाम ४:१२ नेही घेऊ नका. उरलेली पाचही ४:०० लाच आणा, कारण शर्यतीत पहिला किलोमीटर जोरात गेल्यावर नेमकं हेच करावं लागतं: काहीही फेडायला न जाता, पुढच्या पाटीपासून ठरलेल्या पेसवर येणं.